वरच्या ओळीतली एकशे अठरा रोपं

समजा, तुम्हाला घरामागे चार भाज्या लावायच्या आहेत. हातात खुरपं घ्या आणि जमिनीत खुपसा. ठण्ण आवाज येईल. वर दोन बोटं तांबडी माती आणि खाली चुनखडीचा दगड. वीतभर बाजूला सरका. पुन्हा ठण्ण. असं करत सगळं परस पालथं घातलंत, की कुठेतरी खुरपं मुठीपर्यंत आत जाईल. ती दगडातली खळगी. तिथे खुणेची काडी रोवा. दिवस कलेपर्यंत तीस-चाळीस काड्या रोवून होतील. तुमची बाग तिथेच व्हायची. जागा तुम्ही निवडायची नसते, ती दगडानं केव्हाच निवडलेली असते.

आता खालच्या बांधावरून टोपलीनं माती आणा. खळगीच्या तळाशी नारळाची सोडणं घाला, वाटीसारखी उताणी, म्हणजे पाणी धरून ठेवतील. त्यावर माती, चुलीतली राख, शेळीच्या लेंड्या. सगळ्यावर सागाची वाळलेली पानं, दगड ठेवून दाबलेली, नाहीतर वाऱ्यानं उडतील. मग पाणी. शेवटची सर मे महिन्यात येते, पुढची नोव्हेंबरात. मधल्या उन्हाळ्यात तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी धुवायची, त्याच पाण्यानं भांड्यांवर पहिला हात फिरवायचा आणि मग ते गढूळ पाणी उन्हं वर यायच्या आत झाडाच्या बुडाशी, एका झाडाला एक करवंटी. दोन नाही. साबणाचं पाणी फक्त केळीला. आणि हे सगळं पाणी आधी दोनशे आठ पायऱ्या तुमच्या खांद्यावरून चढून आलेलं आहे, हेही समजा.

रुबिनेमला हे समजायची गरज नव्हती. ती ते पस्तीस वर्षं करत होती.

आमच्या गुनुंगकिदुलच्या डोंगरात वातुपेचा नावाची वस्ती आहे. रस्त्यालगत वीसेक घरं, आणि उभ्या चढावर आणखी पाच. त्या पाचांना वरची ओळ म्हणतात. पाचांतल्या तीन घरांना कुलूप आहे, माणसं जकार्ताकडे गेली. चौथ्यात एक म्हातारा आणि त्याच्या शेळ्या राहतात. पाचव्यात रुबिनेम आणि तिचा नवरा वाकिजो. वाकिजो दगडाच्या खाणीत होता, तिथे गुडघा गेला. आता तो ओट्यावर बसून मिरच्या निवडतो, टोपल्या विणतो आणि पिंजऱ्यातल्या होल्याशी बोलतो. उन्हाळ्यात टँकर खालच्या रस्त्यावर थांबतो. तिथून वीस-वीस लिटरचे दोन कॅन कावडीला लावून रुबिनेम वर येते. सकाळी दोन खेपा, दुपारी चारनंतर दोन. तिच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आहे. कुणी विचारलं तर म्हणते, "हा माझा दागिना. चोर नेत नाही."

ती जन्मली इथे नाही. ती खालच्या सपाटीवरच्या भातगावातली, जिथे पाटाला बारा महिने पाणी. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन वर आली तेव्हा आईनं पदरात बियांच्या पुड्या बांधून दिल्या होत्या. तिनं सुरेख सपाट वाफे केले, आईकडे असतात तसे, आणि त्यात पालेभाजी टाकली. पावसात ती तरारली. जूनमध्ये एका आठवड्यात सगळी भुईसपाट झाली. सासू शेजारणींना बोलावून दाखवायची, "या, आमच्या सुनेनं गवत वाळवायला घातलंय, बघा."

सासूनं शिकवलं काही नाही. हसली फक्त. शिकवलं ते मेलेल्या झाडांनी. काकडी नको, भोपळा चालेल. पालेभाजी पावसापुरतीच. चवळी लावायची ती शेंगांसाठी नाही, कोवळ्या पाल्यासाठी. कुंपणाला शेवगा आणि हादगा, दोघांनाही पाणी मागायची सवय नाही. मिरचीच्या पश्चिमेला साबुकंदाची रांग, म्हणजे तीन वाजताचं ऊन त्याच्या पानांवर अडतं. चौधारी घेवडा दगडी गडग्यावर चढवायचा, वेल वाळला तरी कंद खाली जिवंत राहतो. वांग्याची पहिली फुलं खुडून टाकायची, झाडाला आधी पाय रोवू द्यायचे. मी कृषिविद्यालयात तीन वर्षं जे शिकले त्यातलं निम्मं या बाईच्या परसात होतं, आणि उरलेलं निम्मं तिथे चाललं नसतं.

मी तेव्हा त्या भागात सरकारतर्फे परसबागांचं काम बघायचे. शेजारच्याच वस्तीतली असल्यामुळे मला कुणी साहेब मानत नसे. रुबिनेमला मी बुलिक म्हणायचे, मावशीला म्हणतात तसं. ती मला "पोरी" म्हणायची आणि येता-जाता हातात काहीतरी कोंबायची. कधी चार वांगी, कधी नुसता गवती चहा.

त्या वर्षी मार्चमध्ये तालुक्याच्या कचेरीनं परसबागांची स्पर्धा काढली. वस्ती विरुद्ध वस्ती. जिंकणाऱ्या वस्तीला दहा हजार लिटरची पावसाच्या पाण्याची टाकी, पन्हळी आणि नळासकट. पाक दुकुहनी, म्हणजे वातुपेचाच्या मुखियांनी, आपल्या पडवीत सभा घेतली. बायका चटयांवर बसल्या. मी कागद वाचून दाखवत होते: किमान वीस घरं सहभागी हवीत, प्रत्येक अंगणात एकसारख्या काळ्या पिशव्यांत भाज्या हव्यात, प्रत्येक पिशवीवर नावाची पाटी हवी, पाहणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

"टाकी कुठे बांधायची?" मागून कुणीतरी विचारलं.

पाक दुकुह म्हणाले, "वरच्या ओळीत. त्यात विचारायचं काय? खाली टँकर येतो. वर फक्त रुबिनेम येते."

सगळ्या हसल्या. रुबिनेम सभेत कधी बोलत नसे. पण त्या दिवशी ती गुडघ्यांवर हात टेकत उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या घराला कौलं चांगली आहेत. गळत नाहीत. पन्हळ लावायला हरकत नाही." एवढंच. बसली. बाजूच्या सुरातमीनं तिला कोपरखळी मारली. ती रुबिनेमला यू म्हणायची, ताई म्हणतात तसं. "यू, टाकी आली की आधी अंघोळ कर हं. होला दोनदा करतो, तू एकदाही करत नाहीस."

"होला माझ्या नवऱ्याचा लाडका. मी फक्त बायको," रुबिनेम म्हणाली.

सुरातमीचं घर खाली, रस्त्यापासून जेमतेम दहा पायऱ्यांवर. मुलगा जहाजावर आहे, त्यामुळे अंगणभर गुळगुळीत फरशी आणि कुंड्यांत प्लॅस्टिकची फुलं. तोंडानं फटकळ, मनानं मऊ. वस्तीत कुणाकडेही कार्य असलं की सगळ्यात मोठं पातेलं तिचंच असायचं.

मग कचेरीतून पिशव्या आल्या, पाट्या आल्या आणि बियाणं आलं. थंड हवेतला कोबी, लेट्यूस आणि चिनी पालक. पाकिटांवरची चित्रं फार सुंदर होती. मी लेखी कळवलं की हे इथे जगणार नाही. उत्तर आलं की वाटप पूर्ण झाल्याचा अहवाल पाठवावा. मी पाठवला. बायकांनी हौसेनं पेरलं. जुलैत बोटभर रोपं आली, ऑगस्टमध्ये गेली. सप्टेंबर उजाडला तेव्हा खालच्या एकोणीस अंगणांत दोनशे काळ्या पिशव्या कोरड्या मातीनं भरून ओळीत उभ्या होत्या, प्रत्येकीवर पाटी: कोबी, कोबी, कोबी. सुरातमी रोज त्यांना पाणी घालायची. "मेलेल्याला पण पाणी पाजतात की," म्हणायची.

हिरवं होतं ते फक्त वर.

पाक दुकुह एका दुपारी दोनशे आठ पायऱ्या चढून रुबिनेमच्या ओट्यावर आले. मी तिथेच होते, पानांवरचा मावा बघायला आलेली. त्यांनी आधी घाम पुसला. मग गोड चहा आला, उकडलेल्या शेंगा आल्या.

"वाकिजो, हा होला खाली आणू नकोस बाबा," ते म्हणाले. "लोक माझी सभा सोडून याला ऐकतील."

वाकिजो खूश झाला. मग गुडघ्याची चौकशी झाली. मग मुलीची, ती बेकासीला शिवणाच्या कारखान्यात होती.

"खाली बिचाऱ्या बायका रोज मातीला पाणी घालतायत," पाक दुकुह चहाकडे बघत म्हणाले.

"हो ना," रुबिनेम म्हणाली.

"तुझ्याकडे मात्र देवाची कृपा."

"मिरची बरी आलीय."

"बरी काय, छान आलीय."

"वांगी पण."

"दिसतायत." त्यांनी शेंग सोलली. "फक्त एकदा टाकी झाली की सगळं सोपं होईल."

"होईल," रुबिनेम म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "पाऊस पडला की पुन्हा लावता येतं म्हणा."

"येतं की. तुझ्या हाताला काय."

त्यांनी चहा संपवला, होल्याला शीळ घातली आणि खाली उतरले. ते दिसेनासे झाल्यावर वाकिजो म्हणाला, "एकदा नाही म्हणायला काय झालं होतं?"

"कशाला नाही म्हणू? त्यांनी मागितलंच कुठे काही?"

"मग दिलंस कशाला?"

"दिलं असंही मी कुठे म्हटलं?"

पण मागितलं गेलं होतं आणि दिलं गेलं होतं. आमच्या डोंगरात असंच मागतात. उघड मागितलं असतं तर उघड नाकारता आलं असतं, आणि मग दोघांनाही एकाच वस्तीत तोंड दाखवणं अवघड झालं असतं. मी बाहेरच्यासारखं बोलून गेले, "बुलिक, सप्टेंबरात मुळं तोडली तर झाडं बसतील. निम्मीसुद्धा जगणार नाहीत."

"माहीत आहे मला."

"मग?"

ती ओट्याच्या खांबाला टेकली. "पोरी, आज चौथी खेप अजून बाकी आहे. मी किती वर्षं ही कावड उचलीन, सांग. पाच? सहा? मिरच्या पुन्हा येतील. टाकी पुन्हा येणार आहे का?"

ठरल्या दिवशी सकाळी सहाला सगळ्या वर आल्या. कुणाचं घर शाकारायचं असलं की येतात तशाच, पहारी, टोपल्या, तिवुलचे डबे घेऊन. साबुकंदाच्या पिठाचा तो वाफवलेला भात आणि लाल चटणी ओट्यावर मांडली गेली. सुरातमीनं पहिल्या मिरचीला हात लावला तसं रुबिनेमनं तिचं मनगट धरलं.

"ओढू नकोस. आधी सोडण मोकळं कर. सोडणासकट उचल."

"किती जपतेस गं! माझ्याकडे माहेरपणाला येतायत त्या, सासरी नाही."

"माहेरी पाणी पाजतील ना?"

"माझ्या वाट्याचं पाजीन."

पण खळगीच्या खाली दगडाला चिरा असतात आणि मुळं पाण्याच्या शोधात त्या चिरांत शिरतात. बाहेरून हातभर दिसणारं झाड आत दोन हात गेलेलं असतं. ते सगळं वर येत नाही. टक् असा बारीक आवाज यायचा, प्रत्येक झाडाला एकदा. पहिल्या वीस-पंचवीस झाडांना रुबिनेम वाकून बघत होती. मग ती ओट्यावर जाऊन सगळ्यांना चहा ओतायला लागली. दहाच्या आत एकशे अठरा रोपं पिशव्यांत भरून खाली गेली. मिरच्या, वांगी, चवळी, हळद, कुळिंजन, घेवड्याचे वेल गडग्यावरून उतरवून. मागे उरले शेवगा, हादगा, केळ, साबुकंदाची रांग आणि एकशे अठरा खड्डे.

त्यानंतरचे बारा दिवस रुबिनेम दोन कामं करायची. पाणी वर न्यायची, आणि खाली आली की घराघरात जाऊन झाडं बघायची. या झाडाला सावलीत घे, त्याची पानं निम्मी कापून टाक, त्याला करवंटी एकच पण रोज. आणि परीक्षक काय विचारतील तेही तिनंच सगळ्यांकडून घोकून घेतलं. मीच तिला प्रश्नांचा कागद वाचून दाखवला होता. ती उत्तरं तोंडानं सांगायची, बायका मागून म्हणायच्या.

"पाणी कुठलं घालता?"

"तीनदा वापरलेलं, साहेब."

"किडीला काय करता?"

"लसूण आणि हादग्याचा पाला, साहेब."

"हादगा नाही गं, कडुलिंब," रुबिनेम कपाळाला हात लावायची. "हादगा तुम्ही खाता."

"मग किडीला पण आवडेलच," सुरातमी म्हणायची.

पाहणीच्या दिवशी तीन परीक्षक आले. एक वयस्क साहेब, एक फोटो काढणारा आणि एंदाह नावाची माझ्याच वयाची बाई; बाईमाणसाला आमच्याकडे मानानं बू म्हणतात, म्हणून बू एंदाह. गुणांचे कागद माझ्याकडे होते. ते आकडा सांगायचे, मी लिहायचे.

पहिलं घर सुरातमीचं. एक गोष्ट कबूल करायला हवी. रुबिनेमच्या परसात जी झाडं दगडाधोंड्यांत, सागाच्या पाचोळ्यात, वेडीवाकडी उभी असायची, ती त्या पांढऱ्या फरशीवर ओळीनं लावल्यावर राजबिंडी दिसत होती. चोवीस पिशव्या, चोवीस पाट्या. लाल मिरच्या लोंबत होत्या. साहेब खूश झाले. त्यांनी विचारलं, "वांग्याला एवढी जाड खोडं कशी आली?"

हा प्रश्न कागदावर नव्हता. सुरातमीनं इकडे-तिकडे पाहिलं. मागे गर्दीत उभ्या असलेल्या रुबिनेमनं दोन बोटांनी हवेत काहीतरी खुडल्यासारखं केलं.

"खुडते, साहेब," सुरातमी म्हणाली.

"काय खुडता?"

रुबिनेमनं ओठ हलवले.

"फुलं! पहिली फुलं. झाडाला आधी... पाय रोवू देते."

"वा," साहेब म्हणाले. "हे अनुभवाशिवाय येत नाही. अठ्ठ्याऐंशी लिहा."

मी अठ्ठ्याऐंशी लिहिले.

खालची एकोणीस घरं दोन तासांत झाली. मग साहेबांनी चढाकडे पाहिलं, पायांतल्या चकचकीत बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "वर एकच आहे ना? बू एंदाह, तुम्ही या बघून."

आम्ही तिघी चढलो. रुबिनेम पुढे, कावडीशिवाय. तिला नुसतं चढायची सवय राहिली नव्हती, तिचे हात सारखे खांद्याकडे जात होते. बू एंदाह मध्ये दोनदा थांबली. वर पोचल्यावर तिनं परसात पाऊल टाकलं आणि जागीच उभी राहिली. सगळीकडे खड्डे. काहींत नारळाची सोडणं उघडी पडलेली, काहींत सागाची पानं साचलेली. ती वाकली, एका खड्ड्यातली माती तिनं चिमटीत घेऊन चुरली. काळीभोर माती होती. वर्षानुवर्षांची राख आणि लेंड्या. तिला कळत होतं. तीही शिकलेली होती.

"इथे काय होतं?" तिनं विचारलं.

वाकिजोनं ओट्यावरून मान वर केली. मी हातातल्या कागदाकडे पाहत राहिले. रुबिनेमनं खरं सांगितलं असतं तर वीसच्या वीस अंगणं बाद झाली असती. टाकी गेली असती. खाली सुरातमी आणि सगळ्या बायका नवी लुगडी नेसून उभ्या होत्या.

"या वर्षी जमलं नाही," रुबिनेम म्हणाली.

"म्हणजे? लावलंच नाही?"

"वय झालं, बू. पाणी वर आणवत नाही. खालच्या बायका करतात छान. त्यांचं बघितलं ना?"

बू एंदाह काही वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी तेव्हा बोलू शकले असते. मला टाकी हवी होती, तिच्यासाठीच हवी होती, असं मी अजूनही स्वतःला सांगते.

"एकतीस," बू एंदाह म्हणाली. "झाडं आहेत चार, त्याचे."

तिला चहा दिला. तिनं घेतला आणि जाताना साबुकंदाच्या सावलीच्या रांगेचा एक फोटो काढला, कशासाठी कोण जाणे.

ऑक्टोबरच्या मध्याला निकाल आला. वातुपेचा पहिली. पाक दुकुहच्या पडवीत ढोल वाजले, सुरातमीनं मोठ्या पातेल्यात भात शिजवला. रुबिनेम त्या दिवशी तिसऱ्या खेपेला वाटेत होती. तिनं कावड तिथेच पायरीवर ठेवली आणि जेवायला आली. मी तिला पहिल्यांदाच दुसऱ्यांदा भात घेताना पाहिलं. "आता पन्हळ कुठल्या बाजूनं लावायची ते मी ठरवून ठेवलंय," ती मला म्हणाली. "ओट्याच्या नाही, मागच्या. तिथे कौलं जास्त."

आठवड्यानं मजूर सिमेंट घेऊन आले आणि सुरातमीच्या अंगणात उतरले.

नियमांचा कागद चार पानांचा होता. सभेत मी दोन वाचली होती, कारण तोवर चहा आला होता. चौथ्या पानावर होतं: टाकी विजेत्या वस्तीतील सर्वाधिक गुण मिळालेल्या अंगणात बांधली जाईल. मी ते पान वाचलं नव्हतं. पाक दुकुहनी वाचलं नव्हतं. कुणीच वाचलं नव्हतं.

मुकादमानं आराखडा दाखवला. त्यावर सुरातमीचं नाव, घराचा क्रमांक, सही, शिक्का. पाक दुकुह त्याला बाजूला घेऊन बराच वेळ बोलले, सिगारेट दिली, होल्याची गोष्ट सांगितली. मुकादम नम्रपणे हसत राहिला आणि म्हणाला की मंजुरी या जागेची आहे, बदलायची तर नवा अर्ज, नवं वर्ष. सुरातमी फरशीवर बसून रडायला लागली.

"मला नको! माझ्या दारात टँकर उभा राहतो. वर न्या म्हणते मी!"

"वर न्यायची तर पैसे परत जातील, बू," मुकादम म्हणाला.

पैसे परत जाऊ द्या असं म्हणायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यांनी रुबिनेमकडे पाहिलं. कुणी काही मागितलं नाही.

"बांधा ना," रुबिनेम म्हणाली. "ऊन वर येतंय, सिमेंट वाळेल."

आता टाकी उभी आहे. निळा रंग दिलाय. सुरातमीनं नळाची किल्ली एकच करून घेतली आणि ती रुबिनेमच्या कमरेला बांधली. बाकीच्यांना पाणी हवं असलं तर रुबिनेमला विचारावं लागतं, आणि सुरातमी ते सगळ्यांना ऐकवते. "माझ्या चांगल्या फरशा फोडल्या यू, तुझ्या टाकीपायी!" रुबिनेम हसते. टँकर थांबायचा तिथून टाकी दहा पायऱ्या वर आहे. पूर्वी दोनशे आठ होत्या, आता एकशे अठ्ठ्याण्णव.

रोपं परत आली. प्रत्येकीनं आपापल्या डोक्यावरून वर आणून दिली, पिशवीसकट, पाटीसकट. एकशे अठरांतली एकेचाळीस जिवंत होती. रुबिनेमनं ती एकेका खळगीत बसवली. पावसात धरलीही. घेवड्याचे कंद जागच्या जागी राहिले होते, ते आपले आपण फुटले. पण मिरची वीतभरच राहिली, आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत तिची मुळं चिरांत किती खोल गेली ते मला सांगता येणार नाही. मेमध्ये शेवटची सर आली. जूनपासून पुन्हा चार खेपा.

मी बदली होऊन निघाले तेव्हा निरोप घ्यायला गेले. ती मला अर्ध्या वाटेत भेटली. कावड टेकवून पायरीवर बसली होती, दोन्ही कॅन तिच्या दोन बाजूंना. मी म्हटलं, बुलिक, मी नेते थोडं. म्हणाली, बस, नेशील कुठे, तुला अजून तोल येत नाही. आम्ही बसलो. वर तिचं कौलारू घर दिसत होतं, खाली निळी टाकी. ती बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीनं बघत होती, मनात काहीतरी मोजत असल्यासारखी.

"पोरी, तू शिकलेली आहेस. रागावून विचारत नाही, मला खरंच कळत नाही म्हणून विचारते," ती म्हणाली. "माझ्या कौलांवर पण तोच पाऊस पडतो. टाकी वर असती तर एक नळी सोडली की पाणी आपलं आपण खाली गेलं असतं. सुरातमीकडे, पाक दुकुहकडे, सगळ्यांकडे. कुणाला उचलावं लागलं नसतं. खाली बांधली, तर वर एक थेंब आपला आपण येत नाही. एवढं मला, दोन इयत्ता शिकलेलीला, दिसतं. मग ज्यांनी ते चौथं पान लिहिलं, त्यांनी लिहिण्याआधी एकदा वर चढून का नाही बघितलं?"